शेवटच्या परिच्छेदावरचा हात

रशीद, तुला माती दिल्याच्या तिसऱ्या दिवशी, म्हणजे परवा, तुझी जियारत झाली आणि काल मी कामावर गेलो. एकटाच. राजूर मागे पडलं, केदारखेड्याच्या पुलाअलीकडे जिथं ते लिंब होतं तिथं आलो आणि गाडीचा वेग आपोआप कमी झाला. लिंब तर रस्ता रुंद करताना कधीच पाडलं. तरी ती जागा आली की तू माझ्या खांद्यावर थाप मारायचास, म्हणजे वाचन बंद, उरलेली कथा संध्याकाळी येताना. काल थाप पडली नाही. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवून काहीतरी शिवी दिली आणि मी पुढे गेलो.

आपण काय करायचो हे मी कुणाला सांगायला लागलो की समोरचा माझ्याकडे संशयाने बघतो. जालन्याहून अप-डाऊन करणारे पुष्कळ आहेत. कुणी गाडीवर राजकारण बोलतं, कुणी बदलीचं रडगाणं गातं, कुणी पुढच्याच्या पाठीवर डोकं टेकून झोपतं. तू मागे बसून कथा वाचायचास. मोठ्याने, माझ्या उजव्या कानाशी तोंड आणून, वाऱ्याने पानं उडू नयेत म्हणून भाभींच्या दोरीवरचे कपड्यांचे चिमटे लावून. मी केदारखेड्यातल्या जनावरांच्या दवाखान्यात, तू तिथल्याच शाळेत चित्रकलेचा मास्तर. तुला गाडी चालवता यायची नाही आणि मला चालत्या गाडीवर वाचता यायचं नाही, एवढ्या भांडवलावर आपली सोबत जमली.

सुरुवात झाली ती चित्रांपायी. जुन्या जालन्यातल्या रद्दीवाल्याकडून तू जुने दिवाळी अंक उचलून आणायचास ते कथांवरच्या रेखाटनांसाठी. घरी उर्दू, शाळेत मराठी, आणि कथा वगैरे वाचण्याशी आपला संबंध नाही, असं तूच सांगितलं होतंस. एका सकाळी मागे बसून तू अंक चाळत होतास. चित्रात एक बाई बंद दाराकडे पाठ करून उभी होती. "ही अशी काऊन उभी आहे, कळून न्हाई राह्यलं," म्हणालास, आणि कळावं म्हणून खालची कथा वाचायला लागलास. माझ्यासाठी नाही. पुटपुटत वाचायची तुझी सवयच होती. मी म्हणालो, जोरात वाच, मलाही कळू दे. त्यानंतर त्या रस्त्यावर आपण गप्प असे फारसे गेलो नाही.

कथा मला आधी कमअस्सल वाटायची, हे तुला ठाऊक आहे. वाचायचं तर कादंबरी वाचावी, दोन-चार पिढ्या, लग्नं, मरणं, भावकीची भांडणं, सगळं भरपूर. तुझं म्हणणं, कादंबरी म्हणजे मुक्कामाला आलेला पाहुणा, त्याची गादी घाला, त्याला गरम पाणी काढा, तो कधी जाणार याची वाट बघा. कथा म्हणजे दारात उभ्याने पाणी पिऊन जाणारा माणूस. "तो गेल्यावर दिवसभर डोक्यात राह्यतो, डॉक्टर. कोण होता, कुठून आल्ता." मी काही डॉक्टर नाही, पशुधन पर्यवेक्षक आहे. पण गावात सगळे डॉक्टर म्हणतात म्हणून तू मला चिडवायला तसंच म्हणायचास.

आणि ते खरं होतं. सकाळी ऐकलेली अर्धी कथा घेऊन मी कामाला लागायचो. गाईच्या आत कोपरापर्यंत हात घातलेला, मालक विचारतोय गाभण आहे का, आणि माझ्या डोक्यात ती बाई दार उघडणार का नाही. दुपारी डबा खाता खाता मी शेवट करून टाकायचो. माझे शेवट सगळे एकाच धाटणीचे. गेलेला घरी येतो, मायलेकी बोलायला लागतात, म्हातारा खडखडीत बरा होतो. संध्याकाळी निघताना तू आधी माझा शेवट विचारायचास, ऐकून गालात हसायचास आणि मग खरा वाचायचास. लेखकांनी माझं जवळजवळ कधीच ऐकलं नाही. पण माझ्या त्या शेणामुताच्या दिवसात एक परकं माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्याबरोबर राहायचं. ही मजा मला दुसऱ्या कशातच मिळाली नाही.

चतुर्थीला राजूरच्या गणपतीला गर्दी झाली की गाड्या मुंगीच्या पावलाने सरकायच्या. बाकीचे वैतागायचे आणि आपण खूश, कथा पुरवून पुरवून वाचता येते म्हणून. एकदा उशीर झाला म्हणून मी एका ट्रकला मागे टाकत होतो, तर तू मागून ओरडलास, "हळू चालव ना, इथं माणूस मरून राह्यला." शेजारच्या गाडीवरचं जोडपं घाबरून तुझ्याकडे बघायला लागलं. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, मरणारा पानावर होता.

मला लहानपणी कुणी काही वाचून दाखवलेलं नाही. आईला अक्षर येत नव्हतं आणि बापाला वेळ नव्हता. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला कुणीतरी रोज कानाशी बसून गोष्ट वाचून दाखवावी, हा केवढा लाड आहे हे मला कळत होतं. तुला मी ते कधी बोललो नाही. गाडीवर पुढे बसलेल्या माणसाची एक सोय असते, त्याचं तोंड मागच्याला दिसत नाही. कितीदा माझे डोळे भरून यायचे आणि मी वाऱ्यावर ढकलायचो.

आणि एक. वाचायचं म्हणून तू तोंडातली पुडी थुंकायचास. गाडीवर बसण्याआधी चूळ भरायची, रुमालाने ओठ पुसायचे आणि मग अंक उघडायचा. शाळेत, घरी, चौकात तुझा गाल कायम फुगलेला. फक्त कथा वाचताना रिकामा. मी त्यावरून तुला किती बोललो असेन. तू म्हणायचास, सुटेल रे, जल्दी काय आहे. आता मला वेड्यासारखं वाटत राहतं की केदारखेडा आणखी लांब असायला हवं होतं. रस्ता लांब असता तर कथा लांबल्या असत्या आणि तेवढा वेळ तुझं तोंड स्वच्छ राहिलं असतं. असल्या विचाराला काही अर्थ नाही, पण तो येतो.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. कथा संपत आली की तू थांबायचास. शेवटचा परिच्छेद वाचायचाच नाहीस. पानावर तळहात ठेवायचास आणि जाहीर करायचास की कथा झाली. मी विचारायचो, अजून आहे ना? तू म्हणायचास, "आहे. पण ते लेखकाला भेव वाटलं म्हणून लिहिलंय. लोकाला कळलं न्हाई तर काय करता, म्हणून." सगळ्याच कथांना असं नाही, पण बऱ्याच कथांना. हे तुझं मास्तरकीतलं शास्त्र. पोरांचं चित्र झालेलं असतं, छान झालेलं असतं, आणि मग राहिलेल्या कोपऱ्यात ती सूर्य काढतात, चार पक्षी काढतात आणि सगळी माती करतात. तू म्हणे वेळेवर त्यांच्या हातातून खडू काढून घ्यायचास.

मी म्हणायचो, सूर्य वाईट असेल, पण पोराने काढलाय ना? मग तो बघायचा. लेखकाने जेवढं लिहिलं तेवढं सगळं मला ऐकायचंय, कंटाळवाणं असलं तरी. तू हात काढायचा नाहीस. मग मी गाडी बाजूला घ्यायचो, अंक हिसकावून घ्यायचो आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून तो परिच्छेद स्वतः वाचायचो. तू तोवर एखाद्या बाभळीकडे बघत शीळ घालायचास. बऱ्याचदा तुझंच बरोबर निघायचं. मी तसं तोंडाने कधी म्हणालो नाही, नुसती किक मारायचो. तुला कळायचं.

मग एका हिवाळ्यात तुझं वाचन बिघडलं. शब्द बोबडे यायला लागले. तू म्हणालास अक्कलदाढ आहे. पुढे तोंड मिटत मिटत इतकं मिटलं की भाकरीचा घास आत जाईना. गाय असती तर मी उभ्या उभ्या तिचा जबडा उघडून बघितला असता. माणसाच्या बाबतीत आपण दाढ म्हटली की दाढ मानतो. औरंगाबादच्या डॉक्टरांनी आतला तुकडा काढून तपासायला पाठवला आणि त्यानंतर सगळं भराभर झालं. ऑपरेशनमध्ये अर्धी जीभ गेली आणि जबड्याची एक बाजू. शुद्धीवर आल्यावर तू काहीतरी बोललास. काय बोललास ते त्या खोलीत तुझ्याशिवाय कुणालाच कळलं नाही. मी आयुष्यभर जनावरांचे आवाज ऐकलेत, सगळ्या तऱ्हेचे. तुझा तो आवाज कानातून जात नाही.

वाचणारा माणूस होतास तू. बाकी सगळं सोडून त्या आजाराने नेमकं तेच नेलं. मी याबद्दल वर बसलेल्या देवावर चिडलो आणि तुझ्यावरही चिडलो. तू चिडला नाहीस, निदान मला तसं दिसू दिलं नाहीस.

टाके वाळल्यावर डॉक्टरांनी रेडिएशनचा शेक घ्यायला सांगितलं. मशिनीखाली निजायचं, रोज औरंगाबादला जाऊन, कित्येक आठवडे. तू मान हलवलीस, नको. नाकातून नळी घातलेली, त्यातून दूध आणि वरणाचं पाणी चाललेलं, आणि तू नको म्हणतोस. भाभी रडल्या. तुझी सना फार्मसीला शिकते, तिने समजेल असं सगळं समजावून सांगितलं. तू तिचं शेवटपर्यंत ऐकून घेतलंस आणि पुन्हा मान हलवलीस. मग भाभींनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "भाई, तुमचं ऐकतील ते. माझं तर बिलकुल ऐकून न्हाई राह्यले."

मी आलो तेव्हा तू पलंगावर टेकून बसला होतास. सनाची लहानपणची पाटी तू बोलण्यासाठी घेतली होतीस. लिहिण्यापेक्षा काढणं तुला सोपं. तू काढलास एक बैल, आडवा पडलेला, आणि शेजारी बॅग बंद करून उभा असलेला माणूस. मिशा माझ्या. मला लगेच कळलं. कधीतरी मीच तुला गाडीवर सांगितलं होतं. एक म्हातारा बैल खाली बसला तो उठेना, मालक माझे पाय धरून म्हणत होता सलाईन लावा, आणि मी त्याला म्हणालो होतो की आता त्याला सुया टोचू नका, सावलीत निवांत पडू द्या. तू ते ध्यानात ठेवलं होतंस. मग तू पाटी पुसलीस आणि कोऱ्या पाटीच्या खालच्या भागावर तळहात ठेवलास, अंकावर ठेवायचास तस्साच. तुझी कथा झाली होती. पुढचं सगळं भीतीपोटी.

नळी लावलेल्या माणसावर कुणी ओरडत नाही. मी ओरडलो. "तू काय कथा आहेस का रे? एक पोरगी शिकून राह्यली तुझी, बायको दारात उभी आहे, अन् तू मला परिच्छेद शिकवतो?" भाभी घाबरून आत आल्या. तू माझ्याकडे शांतपणे बघत राहिलास, वर्गात एखाद्या दांडग्या पोराकडे बघावं तसा. त्या बघण्यानेच मला सुचलं. जे सुचलं ते तुझ्याच शाळेतलं होतं.

कोनाड्यात अंक पडला होता. मी तो उचलला आणि वाचायला लागलो. मी किती वाईट वाचतो हे तोवर तुला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. लसीकरणाची सूचना दवंडीवाल्याने वाचावी तसं. बाई बोलते का बाप्या बोलतो ते कळायचं नाही. तरी तू ऐकलंस. कथा मध्यावर आली, एक माणूस भरदुपारी विहिरीत डोकावून बघतो, त्याला आत काहीतरी दिसतं, आणि मी अंक मिटला. म्हणालो, उरलेली उद्या, औरंगाबादच्या बसमध्ये.

तू डोळे मिटून घेतलेस. मग हसलास, ज्या बाजूने हसता येत होतं त्या बाजूने. दुसऱ्या दिवशी स्टँडवर तू गळ्याभोवती मफलर गुंडाळून माझ्याआधी हजर होतास.

त्या बसमध्ये आपली जागा बदलली. जाताना मी आदल्या दिवशीची राहिलेली कथा पुरी करायचो, येताना नवी धरायचो आणि जालन्याच्या अलीकडे अर्ध्यात सोडून द्यायचो. रोज उद्यासाठी काहीतरी शिल्लक. मला रजा नसेल त्या दिवशी सना वाचायची. ती माझ्यापेक्षा कितीतरी बरी वाचते, पण तू मला खुणेनं सांगितलंस की तिचं वाचणं फार गोड आहे, माझंच ठीक आहे. बदनापूरला चढणारी एक म्हातारी पाठीमागच्या बाकावर बसून ऐकायची. पहिल्या दिवशी विहिरीची कथा संपायच्या आत तिला उतरावं लागलं, तर दुसऱ्या दिवशी चढल्या चढल्या विचारती झाली, "त्या हिरीतल्या माणसाचं काय झालं ओ?" मी सांगायला तोंड उघडलं तर तू माझ्या मांडीवर चापट मारलीस. कथा सांगायची नसते, वाचायची असते. मग तिच्यासाठी मी ती पुन्हा पहिल्यापासून वाचली आणि तू तिचं ऐकतानाचं तोंड कागदावर काढून तिला दिलंस. तिने ते पदरात बांधून नेलं.

हे मी मुद्दाम लिहितोय, कारण त्या आठवड्यांचं बाकीचं लिहिण्यासारखं नाही. सुरुवातीचे दिवस बरे गेले. मग तोंड आतून सोललं. मान करपल्यासारखी काळी पडली आणि मफलरला चिकटायला लागली. लाळ गिळता येईना, तू हातात झाकणाची डबी धरून बसायचास. बसच्या प्रत्येक खड्ड्याला तुझा हात बाकाच्या दांडीवर आवळलेला दिसायचा. मला तुझ्याकडे बघून वाचता यायचं नाही, म्हणून मी अंकातून डोकं वर काढायचो नाही. एकदा तू खिडकीला डोकं टेकलंस, मला वाटलं डोळा लागला, म्हणून थांबलो. तर तू माझ्या गुडघ्यावर बोट आपटलंस. पुढं वाच.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागलाय. तू शेक घ्यायला येत होतास, की कथेच्या उरलेल्या अर्ध्यासाठी, की मी रागावलो म्हणून? मी तुला बांधून नेलं नाही. पण जे केलं ते दावं लावण्यापेक्षा फार वेगळं होतं का, हे मला ठरवता येत नाही. तुला विचारायचं राहिलं. पाटी होती, वेळ होता, आणि मी विचारलं नाही. उत्तर काढून दाखवलं असतंस म्हणून.

शेक संपल्यावर काही महिने चांगले गेले, हे तुलाही मान्य करावं लागेल. नळी होतीच, पण तू शाळेत जाऊन यायचास. माझ्या गाडीवर मागे, गप्प. पोरांच्या चित्रांचं प्रदर्शन मांडलंस. मी दवाखान्यातून बघायला आलो तर भिंतीभर सूर्य. कोपऱ्यात सूर्य, दोन डोंगरांत सूर्य, विहिरीवर सूर्य, आणि पक्ष्यांची तर जत्रा. एकालाही तू हात लावला नव्हतास. मी विचारलं, काय मास्तर, आता सूर्य चालतात का? तू खांदे उडवलेस आणि दुसरीकडे बघितलंस. त्या दिवशी मी जिंकलो असं मला वाटलं होतं.

मग कानाखाली गाठ आली, आणि नंतर छातीत. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं.

शेवटचा आलो ती दुपारची वेळ होती. तू कुशीवर होतास, उशीवर टॉवेल, श्वासाला खरखर. भाभींनी खुर्ची ओढून दिली. मी पिशवीतून अंक काढला. या खेपेला अर्धी ठेवायची माझी हिंमत झाली नाही, सगळी एका बैठकीत वाचायची असं ठरवूनच आलो होतो. कथा गिरणीवाल्या बाईची. तिचा नवरा खूप वर्षांपूर्वी काही न सांगता निघून गेलेला. एक दिवस लाईट गेलेली असते, गिरणीपुढे डब्यांची रांग लागलेली असते, आणि रांगेच्या शेवटी तो उभा, हातात ज्वारीचा डबा. रांगेतल्या बाया त्याला ओळखतात पण कुणी बोलत नाही. लाईट येते. ती एकेकीचं दळण काढत काढत त्याच्यापर्यंत पोचते. त्याचा डबा उचलून ज्वारी वर ओतते आणि त्याच्याकडे न बघता विचारते, बारीक का जाड?

तेवढ्यात तुझा हात आला. मला वाटलं पाणी हवंय, नळी दुखतेय. हात पानावर येऊन पडला, हलका, वाळल्या पानासारखा. खाली एकच परिच्छेद राहिला होता. मी म्हणालो, रशीद, अजून आहे. तू हात दाबलास. म्हणजे तुझ्याच्याने दाबवला तेवढा. मला भांडायचं होतं, अंक हिसकावून घ्यायचा होता. मी तसं काही केलं नाही. तुझ्या हाताखालून अंक हळूच काढून घेतला, मिटला, चिमटा लावला आणि तुझा हात माझ्या हातात धरून बसून राहिलो. तू झोपलास. दुसऱ्या दिवशी सकाळी सनाचा फोन आला.

कब्रस्तानात सगळ्यांबरोबर मीही मूठ मूठ माती दिली. माती काळी, कोरडी, हाताला चिकटली नाही. घरी येऊन आंघोळ केली आणि बायकोने जेवायला वाढलं तर घास फिरायला लागला. ती म्हणाली, नका खाऊ, राहू द्या. मी मात्र खाल्लं, कारण तुला खाता येत नव्हतं, असलं काहीतरी बावळट डोक्यात होतं.

जियारतीला भाभी पडद्याआडून बोलल्या, इद्दतीच्या दिवसांत परक्या पुरुषासमोर येत नाहीत म्हणून. मी विचारलं नव्हतं, तरी बोलल्या. "तुम्ही न्हेलं म्हणून ते शेकाला गेले, भाई. बहुत तकलीफ झाली त्यांना." मी मान खाली घातली. मग म्हणाल्या, "पण रोज सकाळी मफलर मी बांधत होते. तेवढं मला मिळालं." त्याचा अर्थ काय लावायचा ते मी अजून ठरवतोय. सनाने तुझे अंक एका पोत्यात भरून ठेवलेत, घेऊन जा म्हणते. न्यायला जाईन. एकटा असताना मनात वाचायला लागलो की सगळी माणसं तुझ्या आवाजात बोलतात, बायासुद्धा, त्यामुळे सध्या मला वाचणं होत नाही.

गिरणीवाला अंक तेवढा माझ्याच पिशवीत राहिलाय. काल संध्याकाळी परत येताना पूल ओलांडला आणि लिंबाच्या जागेशी गाडी बाजूला घेतली. चिमटा काढला. तुझा हात जिथं होता तिथून पुढे मोठ्याने वाचायला लागलो, माझ्या त्या दवंडीच्या आवाजात.

लेखकाने माती केलीये, रशीद. इतक्या वर्षांचा राग पिठासारखा उडून गेला, स्त्रीचं मन कसं विशाल असतं, वगैरे वगैरे. कथा 'बारीक का जाड' ला संपली होती, तुला ते शुद्ध हरपत असताना कळलं होतं आणि मला धडधाकट असून कळलं नाही. पण त्या परिच्छेदात, सगळ्या बडबडीच्या खाली, ती बाई घरी जाऊन चूल पेटवते, त्याच पिठाच्या भाकरी टाकते, आणि मग दोघं समोरासमोर बसून जेवतात. गरम भाकरी, वर मिरचीचा ठेचा, आणि दोघांना भूक लागलेली.

तू हात ठेवलास तो कथेसाठी, की त्या भाकरीसाठी? ती कथा तू आधी वाचली होतीस का? हे आता मला कुणी सांगणार नाही.

तुझं बराबर होतं. तो परिच्छेद नको होता. मी तो दोनदा वाचला.